परातीतलं पिवळं पाणी

ये गं बाई, अशी जवळ सरक. पुण्यात बसलेली तू, सरकून सरकणार तरी किती म्हणा. पण हे कागद हातात घेशील तेव्हा माझ्या मांडीला मांडी लावून बसल्यासारखी बस, आणि आधी चार शब्द ऐकून घे. शिकलेली पोरगी तू, कंपनीत कॉम्प्युटरपुढं बसतेस, आणि रविवारी फोन करून मला काय म्हणालीस? "आत्या, डोळे पिवळे दिसायलेत. तू माझं नाव घेऊन तिथूनच परातीत उतरव ना. बाबाची उतरवली होतीस तशी." लाज वाटली न्हाई व्हय गं? फोनवर कामीण उतरायला लागली, तर उद्या फोनवर बाळंतपणं पण करावी लागतील मला.

  मी म्हणाले, उद्याच्या उद्या दवाखान्यात जा, रक्त दे. तू म्हणालीस, "बरं." तुझं बरं मला ठाऊक आहे. तुझ्या बापाचं बरं पण असंच असतं, बरं म्हणायचं आणि जागचं हलायचं न्हाई.

पण 'बाबाची उतरवली होतीस तशी' हे जे बोललीस, ते तसंच सोडून चालायचं न्हाई. बाबाची मी उतरवलेली न्हाई. हे तुझ्या बापानं इतकी वर्षं सगळ्यांना सांगितलंय, आणि मी ऐकून घेतलंय. आज तेच खोटं धरून तू पिवळे डोळे घेऊन बसली आहेस, म्हणून लिहायला घेतलं. अक्षर वाकडं आहे, समजून घे. तुझा बाप मराठी शाळेत जायचा तेव्हा मी शेरडं राखायचे. संध्याकाळी वाड्याबाहेरच्या फरशीवर कोळशानं तो मला अ आ ई गिरवून दाखवायचा. वयानं लहान, पण माझा मास्तर तोच.

तर, गावातल्या गावात लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा चुलीमागच्या भिंतीला एक पितळेची परात टांगलेली होती. तिच्यात कधी पीठ मळायचं न्हाई. सासूबाईंची ती कामिणीची परात. पुस्तकात कावीळ म्हणतात, आपल्याकडं कामीण, कानडी बाया कामाले म्हणायच्या, आणि मोहल्ल्यातली माणसं दारात उभं राहून 'अम्मा, पीलिया उतारो' म्हणायची. तिन्ही भाषांत रोगी यायचे आणि तिघांचंही पाणी पिवळंच निघायचं.

रीत अशी. आंब्याच्या झाडाची साल आदल्या दिवशी भिजत घालायची. रविवारी आणि बुधवारी सकाळी, कुणाशी न बोलता, त्या पाण्यानं रोग्याचे हात कोपरापर्यंत चोळायचे. मग हात परातीवर धरायला लावायचे आणि वरनं चुन्याची निवळी सोडायची. हातावरनं ओघळून परातीत पडेस्तोवर पाणी हळदीसारखं पिवळं व्हायचं. बघणारे आ वासायचे. असं तीनदा. पहिल्या दिवशी दाट पिवळं, दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या दिवशी फिकं. म्हणजे उतरली. साल तिन्ही वेळा तीच वापरायची, नवी घ्यायची न्हाई, हा सासूबाईंचा कडक नेम. माझे हात पण पिवळे व्हायचे. मी एकदा विचारलं तर त्या म्हणाल्या, रोग्याचं विष उतरवणाऱ्याच्या हाताला लागतंच, धुऊन टाक.

पथ्य पण सांगायचं. तेल बंद, हळद बंद, ताक-भाकरी खायची, उसाचा रस प्यायचा, सावलीत पडून राहायचं. आणि माणसं बरी व्हायची गं! खोटं कशाला बोलू? पंधरा दिवसांनी, महिन्यानं टुणटुणीत होऊन यायची, पाया पडायची. सासूबाई गेल्यावर परात माझ्याकडं आली. कुणाकडनं काही घ्यायचं न्हाई, सुपारी पण न्हाई, असं सांगून गेल्या. मी घेतलं न्हाई. मान मात्र घेतला, आणि तो चांगला गोड लागला.

तुझा बाप तेव्हा बिदरजवळच्या कोळारात, त्या कारखान्यांच्या वस्तीत, एका गोदामात कामाला होता. रानातलं भागत नव्हतं, पोरं सगळी बाहेर पडत होती. कुणी हैदराबादला, कुणी पुण्याला. हा त्यातल्या त्यात जवळ, दर शनिवारी गावी यायचा. तू तेव्हा फ्रॉकात होतीस, त्याच्या पिशवीत हात घालून खारी शोधायचीस.

त्या शनिवारी बसवकल्याणात पाहुण्याचं लग्न होतं. पुरणपोळी, वर तुपाची धार. जेवून उठला आणि मांडवाच्या खांबाला धरून वाकला तो वाकलाच.

मी म्हणाले, "कामून वाकलायस रे?"

"अक्का, पोटातनं पाठीपस्तोर कुणी पहार घातल्यागत व्हायलंय."

"शिंदी किती ढोसलीस?"

"एक थेंब न्हाई. तुझी शपथ."

"माझी शपथ घेऊ नको, मला अजून जगायचंय."

मांडवातले सगळे हसले. तो पण हसला आणि मग भडाभडा ओकला. मी आणखी एक टोमणा मारला, म्हणाले, बघा, निघाली बाहेर. आपल्या भागात गडी माणूस ओकला, वाळला, पिवळा पडला की दोनच गोष्टी. एक तर कामीण, न्हाई तर शिंदी. तिसरं काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच न्हाई. कोळारच्या वाटेवर शिंदीची दुकानं होती, सोबतीचे गडी प्यायचे, मग हा कसा सुटेल? तुझी आई रडत रडत मला म्हणाली, "वन्सं, ते पीत न्हाईत." मी म्हणाले, "बायकोला सगळ्यात शेवटी कळतं बाई." हे वाक्य मी परत गिळू शकले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी डोळे पिवळे. रविवारच होता, साल भिजत घातलेली होतीच. परात खाली काढली.

रविवार, बुधवार, परत रविवार. पाणी नेमानं फिकं होत गेलं आणि सगळे म्हणाले, उतरली. पण तो बरा होत नव्हता. ज्वारीच्या धाटानं पाठ खाजवून खाजवून त्यानं रक्त काढलं होतं. लघवी चहासारखी. आणि एक गोष्ट त्यानं लाजत लाजत मला सांगितली, बायकोला पण सांगितली नव्हती. "अक्का, परसाकडला पांढरं व्हायलंय. चुन्यागत."

इथं माझी खरी चूक आहे बघ. मी धनगराची लेक. बापानं बकरं कापलं की आधी काळजाला, म्हणजे कलेजीला, चिकटलेली ती हिरवी पिशवी अलगद सोडवायचा, फुटली तर सगळं मटण कडू. लहान असताना मी विचारलं होतं, देवानं हे कडू कशाला ठेवलंय? बाप म्हणाला होता, हेच पाणी आतड्यात उतरतं, म्हणून लेंडीला रंग येतो. मग माणसाच्या परसाकडचा रंग गेला म्हणजे ते पाणी खाली उतरायचं थांबलं, एवढं मला कळायला पाहिजे होतं. कळलं पण असेल. पण परातीत पाणी फिकं झालेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि डोळ्यांपुढं अकलेनं मान खाली घातली.

मंगळवारी थंडी वाजून ताप आला. दोन घोंगड्यांखाली तो असा थडथडत होता की बाज हलायची. मग मात्र जीप केली आणि हुमनाबादवरनं गुलबर्ग्याला नेलं.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, कानडी बोलणारी. तिनं डोळे बघितले, पोट दाबलं, रक्त पाठवलं, आणि विचारलं, दारू पितात काय? तो उत्तर द्यायच्या आधी मीच म्हणाले, "पितो." खाटेवरनं तो बारीक आवाजात म्हणाला, "अक्का, न्हाई गं." मी तिच्याकडं बघून डोळा मिचकावला. म्हणजे, असंच म्हणतो तो.

संध्याकाळी ती परत आली आणि आम्हाला सांगून गेली. आपली कानडी म्हणजे बाजारापुरती. कांदे घेता येतात, भांडता येतं, पण डॉक्टरणीचं कानडी वेगळंच. मला दोन गोष्टी कळल्या. एक, "एनू कोडबेडरी, नीरू कूडा बेडा." काही द्यायचं न्हाई, पाणीसुद्धा न्हाई. आणि दुसरं, त्याला काय झालंय ते सांगताना ती तीन-चारदा म्हणाली, "मेदोजीरक ग्रंथी."

आता तूच सांग, यातनं मी काय समजायचं? जीरक म्हणजे जिरं. ग्रंथ म्हणजे पोथी. मला वाटलं, पोथीत जिऱ्याचा उपाय सांगितलाय असं ही म्हणायलीय. शिकलेल्या बायका पण जुनं मानतात, म्हणून मला तिचं कौतुक वाटलं! आणि पाणी नको म्हणाली, पण औषध म्हणजे काय पाणी हाय व्हय? फाटकाबाहेरच्या हॉटेलवाल्याकडनं मी जिरं उकळून घेतलं, थोडा गूळ टाकला, आणि नर्स पलीकडं गेली तसं चार-पाच चमचे त्याला पाजले. तो पण माझं ऐकणारा. अक्कानं दिलं म्हणजे प्यायचं.

अर्ध्या तासात तो गुडघे छातीशी घेऊन ओरडायला लागला. डॉक्टरीण धावत आली, ग्लासाचा वास घेतला आणि मोडक्या मराठीत विचारलं, "कोण दिलं हे?"

मी म्हणाले, "मी. तुम्हीच सांगितलंत न्हवं, जिरं."

"मी जिरं सांगितलं?"

"चारदा सांगितलंत. पोथीत लिहिलंय म्हणालात."

नर्स पदराआड हसली. डॉक्टरीण हसली न्हाई. तिनं परत तेच म्हटलं, मेदोजीरक, मेदोजीरक, आणि मी परत म्हटलं, व्हय की, जिरं. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. जन्मभर खाटीककाम केलेला माणूस, पाय मोडून आला होता. म्हणाला, "अरे अम्मा, जीरा नक्को! लबलबा बोलरे डाक्टरनी, लबलबा!"

डॉक्टरणीला लबलबा ठाऊक न्हाई, मला मेदोजीरक ठाऊक न्हाई, आणि मधे हा मोडक्या पायाचा दुभाषी. त्यानं हातानं करून दाखवलं. "कलेजी के नीचे, आंतां के बाजू. गुलाबी, नरम, लंबी जीभ के सरीका. हम कुत्ते को डालते ना, वो."

आणि मला तो तुकडा दिसला गं! बापाच्या सुरीखाली शंभरदा बघितलेला. ढिला, दाणेदार, खायला कुणी घ्यायचं न्हाई असा. कुत्रं वाट बघत बसायचं. त्याला आमच्यात नावच नव्हतं. जे खायचं त्याला नाव, टाकायचं त्याला कशाला? पुढं सोलापूरला एका दवाखान्याच्या भिंतीवर मी त्याचं मराठी नाव वाचलं, स्वादुपिंड. नावात एवढी चव, आणि ते सुजलं की माणसाच्या तोंडाची चव जाते.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. डॉक्टरीण माझ्यापुढं कागद घेऊन बसली, म्हाताऱ्याला मधे घालून. माणूस भला, रागावली तरी समजावून सांगायचा कंटाळा न्हाई. तिनं काढलेलं चित्र मला अजून काढता येतं. काळजातनं एक पाट निघतो, वाटेत त्या कडू पाण्याची पिशवी. लबलब्यातनं दुसरा पाट निघतो. दोन्ही पाट पुढं एकत्र होतात आणि एकाच मोरीतनं आतड्यात पडतात. पिशवीत खडे झाले होते, वाळूसारखे बारीक, काही हरभऱ्याएवढे. त्यातला एक निसटला आणि मोरीत बसला. काळजाचं पाणी मागं फिरलं, रक्तात गेलं, म्हणून डोळे पिवळे, म्हणून खाज, म्हणून परसाकडला पांढरं. तुंबलेलं पाणी नासलं, म्हणून थंडीताप. आणि लबलब्याचा रस पण तुंबला. भाकरी पचवायचा तो रस, जायला वाट न्हाई म्हटल्यावर आपल्याच घराला पचवायला लागला. तोंडातनं घोटभर काही गेलं की तो आणखी रस सोडतो. म्हणून पाणी पण नको म्हणाली होती. आणि मी गूळ घालून जिरं पाजलं.

मी विचारलं, "आणि दारू?"

ती म्हणाली, दारूनं पण हा लबलबा सुजतो, काळीज तर तिनंच वाळून दगड होतं. पण तुमच्या भावाचं हे खड्याचं आहे. थेंब न पिणाऱ्याला पण होतं, बायकांना तर जास्त होतं.

मी खाटेकडं बघितलं न्हाई. बघवलं न्हाई.  

खरा घोळ पुढं आहे. खडा जागचा हलत न्हवता आणि ताप चढत होता. डॉक्टरीण म्हणाली, हैदराबादला न्या. तिथं तोंडातनं दुर्बीण घालून खडा काढतात, इथं ते न्हाई. उशीर केला तर जिवाला धोका आहे. उद्या दुपारपर्यंत ठरवा. तुझ्या बापानं ऐकलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

"मी न्हाई जात."

"कामून?"

"तिसऱ्या परातीला पाणी फिकं झालं होतं न्हवं? मग उतरायलीच हाय. अजून एकदा कर, अक्का. चौथी परात. तुझ्या हातानं न्हाई उतरली तर मग हैदराबादवाले काय उतरवत्यात? मी तिकडं परमुलखात मरायचा न्हाई."

सगळ्यांनी समजावलं. तो हलेना. शेवटी तुझी आई माझ्याकडं बघून म्हणाली, "वन्सं, करा एकदा. त्यांच्या मनाचं समाधान होईल, मग जातील." तिचा माझ्यावर राग असायला पाहिजे होता. न्हवता.

मी तशीच उठून मिळेल ती बस धरून घरी आले. दुपार होती, घरात कुणी न्हाई. परात काढली. जुनी साल तीनदा वापरून झालेली, म्हणून नवी कुटली, गरम पाण्यात चुरली, लौकर उतरावी म्हणून हातानंच कुस्करली. मग निवळी दुसऱ्या भांड्यात ओतायला गेले आणि घाईत ती माझ्याच हातावर सांडली.

परातीत पाणी पडलं. पिवळंजर्द.

घरात रोगी न्हाई. माझे डोळे काचेसारखे पांढरे. मग हे विष कुणाचं?

मी हात राखेनं घासून धुतले, सालीचं पाणी लावलंच न्हाई, नुसती निवळी सोडली. पाणी पांढरं. सालीचं लावून सोडली, पिवळं. तीच साल पिळून परत भिजवली आणि सोडली, जरा कमी. तिसऱ्यांदा, फिकं. तीच साल तिन्ही वेळा, नवी घ्यायची न्हाई. सालीतला रंग संपत जायचा, आणि आम्ही म्हणायचो, उतरली.

 शेरडाचं पिल्लू येऊन परात चाटायला लागलं तेव्हा उठले. मनात आलं, हे कुणाला सांगायचं न्हाई. नवी साल न नेता जुनी न्यायची, पाणी फिकं पडेल, म्हणायचं बघ उतरली, आता नुसतं दाखवायला हैदराबादला जाऊन ये. माझा मान राहील, तो पण जाईल. तसं केलं असतं तर? तर फिकं पाणी बघून तो म्हणाला असता, मग कशाला जायचं? खोट्याचा काय भरवसा, ते आपल्याला पाहिजे तिथंच थांबत न्हाई.

परात, साल, चुना, सगळं पिशवीत घालून मी संध्याकाळी परत पोचले. तो वाट बघत होता. हात पुढं केले त्यानं.

मी म्हणाले, "तुझे न्हाई. आधी माझे बघ."

माझ्या हाताला साल चोळली, निवळी सोडली. परात पिवळी झाली. तो परातीकडं बघत होता, मग माझ्या डोळ्यांकडं.

"तुला पण झाली?"

"मला काही झालं न्हाई. आता हिचे बघ." तुझ्या आईचे हात घेतले. पिवळं. शेजारचा खाटीक म्हातारा म्हणाला, "मेरे भी देखो अम्मा." त्याचे पण पिवळे. त्यानं कपाळावर हात मारला आणि मग खो खो हसला. तुझा बाप हसला न्हाई.

"म्हणजे एवढी वर्षं?"

"व्हय."

"तुझ्या सासूला ठाऊक होतं?"

"ते मला ठाऊक न्हाई. मला ठाऊक नव्हतं, एवढं खरं."

"मग लोक बरे कसे व्हायचे?"

हेच मी डॉक्टरणीला येता येता विचारून आले होते. ती म्हणाली, घाण पाण्यानं होणारी कामीण बहुतेकांची महिन्या-दीड महिन्यात आपली आपण जाते, काळीज स्वतःच सावरतं, फक्त त्याला आराम द्यायचा. म्हणजे बरं व्हायचं काळीज आणि नाव व्हायचं माझं. तेच मी त्याला सांगितलं. त्यानं बोटानं परातीतलं पाणी ढवळलं. मग म्हणाला, "हे गावात कळलं तर?"

"कळू दे."

"कळू द्यायचं न्हाई. तुला कुणी हसलेलं मला चालायचं न्हाई." त्यानं हैदराबादला न्यायच्या परवानगीचा कागद मागितला आणि सही केली. त्याचं अक्षर किती सुंदर, तुला ठाऊक आहे. त्या दिवशी माझ्या अक्षरासारखं आलं. "जातो मी. पण परत आलो की मी सांगणार, अक्कानं उतरवली. तू मधे बोलायचं न्हाई. कबूल असंल तर जातो."

मला वाटलं, तापात बोलायलाय. म्हणाले, बरं.

हैदराबादला दुर्बिणीनं खडा निघाला. डोळे पांढरे व्हायला दिवस लागले, लबलबा निवायला त्याहून जास्त. दोन महिन्यांनी परत जाऊन ती पिशवी काढून आणली. घरी आला तेव्हा त्याच्या हातात एक बारकी बाटली होती, आत तपकिरी खडे. माझ्यापुढं धरून हलवली, खुळखुळ वाजली.

"अक्का, ही बघ माझी शिंदी."

एवढंच. त्या टोमण्याबद्दल जन्मात त्यानं तेवढंच बोलून घेतलं. बायकोला सगळ्यात शेवटी कळतं म्हणणारी मी, मला तर त्याच्याही नंतर कळलं. पुढं त्याला साखर निघाली, लबलबा एकदा भाजला की त्याची काही खोड राहतेच. म्हणून तो चहा बिनसाखरेचा पितो, आवडतो म्हणून न्हाई.

आणि बोलल्यासारखं त्यानं केलं. चावडीवर बसून सांगितलं, हैदराबादला नुसतं सलाईन लावलं, उतरवली अक्कानं. दारात गर्दी दुप्पट झाली! मला घाम फुटायचा. खरं सांगायचं धाडस झालं न्हाई, तर मी वेगळंच खोटं बोलायला लागले. म्हणायचे, परात रुसलीय, आता रक्ताची चिठ्ठी बघितल्याशिवाय ती पाणी धरत न्हाई. लोक चिडायचे. एक म्हातारी म्हणाली, "अगं, तुझी परात सरकारी झाली काय? कागद मागायलीय!" पण चिठ्ठ्या आणायला लागले. मी त्यांना अंगणात उन्हात बसवायचे, पापणी खाली ओढून बघायचे आणि विचारत बसायचे. परसाकडला रंग आहे का, खाज आहे का, पोटातनं पाठीत कळ जाते का, थंडी वाजते का, कुणाचं सुई-ब्लेड वापरलंस का. ती सुई-रक्तातनं येणारी कामीण वर्षानुवर्षं गुमान बसून राहते आणि काळीज पोखरते, हे मी नंतर शिकले. सात महिन्यांची एक पोटुशी आली, तिला मी पाणी पण न विचारता जीपमधे घातलं, गरोदरपणात ही कामीण जिवावर उठते. दिवसा झोपा काढून वेडंवाकडं बोलायला लागलेल्या एकाला पण तसंच घातलं. आणि हैदराबादला सेंट्रिंगचं काम करणारा एक पोरगा आला, पोट पाण्यानं तट्ट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे. त्याची खरोखरच दारू होती. म्हणाला, "अक्का, दुखत तर काही नव्हतं, मला वाटलं बरंच चाललंय."

तेच तर आहे. काळीज लौकर बोलत न्हाई. अर्धंअधिक जाईस्तोवर राबत राहतं. आपण म्हणतो काळीज तुटलं, काळजाचा तुकडा, आणि छातीवर हात ठेवतो. खाटकाला विचार, तो बरगडीखाली उजव्या अंगाला बोट दाखवील. माया कुठं राहते ते मला सांगता येत न्हाई, पण सोसायचं आणि बोलायचं न्हाई, ही रीत काळजाची खरी. तुझ्या बापाची पण तीच.

तर आता तुझं. दवाखान्यात गेलीस का? चिठ्ठीत काय आलं ते मला फोनवर वाचून दाखव, आकडे कळत न्हाईत पण तुझा आवाज कळतो. डॉक्टरला काही लपवू नको, परसाकडचं पण सांग, तुझा बाप लाजला तसं लाजू नको. सोनोग्राफी म्हणाले तर करून घे, तुझ्या घरात खड्यांचा इतिहास आहे म्हणून सांग. कुणी कसला काढा, पाल्याचा रस देईल तर पिऊ नको, थकलेल्या काळजावर आणखी ओझं होतं. मेसचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नको. आणि जिरं पिऊ नको, कुणी पोथीत दाखवलं तरी.

परात अजून तिथंच टांगलेली आहे. ती मला खाली काढायची आहे, पण एकटीनं न्हाई. मी हे लिहिलंय ते तुझ्या बापाला ठाऊक न्हाई. कळलं की चिडेल, म्हणेल, एवढी वर्षं झाकलं ते उघडं केलंस कामून? तेव्हा तू इथं असायला पाहिजेस, मी तुझ्या मागं लपेन. तुझे डोळे पांढरे होऊ दे, डॉक्टर प्रवासाला हो म्हणू दे, की लगेच सोलापूरवरनं बसवकल्याणची बस धर. आपण तिघं मिळून त्या परातीत पीठ मळू, भाकरी करू, तो बाटली खुळखुळवत बसेल. पण लौकर ये गं, पीठ मी दळून ठेवते.